आयातीचे आकडे कसे वाचावेत? युरोपातील कठीण लाकडाच्या व्यापाराचा एक अभ्यास

आयात-निर्यातीचे तक्ते आपण वृत्तपत्रांत व पाठ्यपुस्तकांत नेहमी पाहतो. एका स्तंभात देशाचे नाव असते, दुसऱ्यात रक्कम. ज्या नावासमोर रक्कम मोठी, तो देश मोठा आयातदार, असा निष्कर्ष काढून आपण पान उलटतो. पुष्कळ वस्तूंच्या बाबतीत या घाईने फारसे बिघडत नाही. परंतु वस्तू जेव्हा शंभर-दीडशे वर्षे वाढलेल्या वृक्षाचे लाकूड असते, तेव्हा आकड्याचा चुकीचा अर्थ लावणे म्हणजे अरण्याच्या नाशाची वा रक्षणाची जबाबदारी चुकीच्या दारात नेऊन ठेवणे होय.

युरोपीय देशांतील कठीण लाकडाचा व्यापार हे याचे उत्तम उदाहरण आहे. कॅमेरून, गॅबन, ब्राझील, मलेशिया, अमेरिका अशा दूरदूरच्या देशांतून हे लाकूड युरोपच्या बंदरांवर उतरते. फ्रान्स, जर्मनी, क्रोएशिया, रुमानिया येथील ओक व बीच या वृक्षांचे लाकूड युरोपातल्या युरोपातच एका देशातून दुसऱ्या देशात जाते. कोणता देश कोणाकडून किती मूल्याचे लाकूड घेतो, हा प्रश्न वरवर पाहता बेरीज-वजाबाकीचा वाटतो. वस्तुतः तो व्याख्यांचा प्रश्न आहे. त्या व्याख्या एकदा समजल्या म्हणजे कोणत्याही मालाच्या आयातीचे आकडे डोळसपणे वाचता येतात. म्हणूनच हा विषय येथे थोडा तपशिलाने मांडला आहे.

कठीण लाकूड कशाला म्हणावे?

पहिली अडचण नावातच आहे. लाकूडव्यापारात 'कठीण' आणि 'मऊ' हे शब्द हाताला लागणाऱ्या कठीणपणावरून ठरलेले नाहीत. रुंद पानांच्या वृक्षांचे ते कठीण लाकूड आणि पाइन, स्प्रूस यांसारख्या सूचिपर्णी वृक्षांचे ते मऊ लाकूड, असा हा वनस्पतिशास्त्रीय भेद आहे. त्यामुळे नखाने ओरखडा उठावा इतके हलके बाल्सा लाकूड 'कठीण' वर्गात मोडते, तर चांगलेच टणक असलेले यू वृक्षाचे लाकूड 'मऊ' ठरते.

सीमाशुल्क खाते हा भेद संकेतांकांनी नोंदवते. १ जानेवारी १९८८ पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय 'सुसंगत प्रणाली'त, म्हणजेच व्यापारी मंडळी जिला एच. एस. म्हणतात तीत, लाकूड व लाकडी माल यांना ४४ वे प्रकरण दिलेले आहे. त्यात ४४०३ हे शीर्ष ओंडक्यांचे, ४४०७ कापीव लाकडाचे, ४४०८ व्हिनियरचे आणि ४४१२ प्लायवूडचे. प्रत्येक शीर्षाखाली सूचिपर्णी, उष्ण कटिबंधीय आणि इतर असे उपविभाग आहेत. कापीव लाकडात ओकला ४४०७.९१ आणि बीच वृक्षाला ४४०७.९२ हे स्वतंत्र क्रमांक आहेत. आपल्या परिचयाच्या सागवानाला मात्र ओंडके व कापीव लाकूड यांत स्वतःचे उपशीर्ष मिळण्यास २०२२ ची सुधारणा उजाडावी लागली. त्यापूर्वी ते इतर लाकडांच्या गर्दीत मोजले जात असे. भारताने आपली सीमाशुल्क सूची १९८६ मध्येच या प्रणालीशी जुळवून घेतली असल्याने मुंबईचा व्यापारी आणि अँटवर्पचा व्यापारी आज एकाच संकेतांकाची भाषा बोलतात.

यावरून पहिला धडा असा की, 'कठीण लाकडाची आयात' असे मोघम म्हणून भागत नाही. ओंडके घेतले की कापीव लाकूड, उष्ण कटिबंधीय घेतले की समशीतोष्ण, हे सांगितल्याशिवाय दोन देशांची तुलना सुरूच होऊ शकत नाही.

बंदर निराळे, ग्राहक निराळा

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. बेल्जियम हा आकाराने लहान देश. तरीही उष्ण कटिबंधीय कापीव लाकडाच्या आयातीत युरोपीय संघातील अग्रगण्य देशांत त्याची गणना होते. याचे कारण अँटवर्प बंदर. मध्य आफ्रिकेतून, विशेषतः कॅमेरूनमधून आलेले लाकूड तेथे उतरते, वखारींत साठवले जाते, प्रतवारी होऊन वाळवले जाते आणि मग नेदरलँड्स, फ्रान्स, जर्मनी आदी देशांत रवाना होते. बेल्जियमच्या घराघरांत आफ्रिकेचे लाकूड भरलेले आहे, असा याचा अर्थ नव्हे. अर्थशास्त्रात या प्रकाराला 'रॉटरडॅम परिणाम' म्हणतात. कारण नेदरलँड्सच्या त्या महाबंदरामुळे याच स्वरूपाचा फुगवटा त्या देशाच्या आकडेवारीत दिसून येतो.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. समजा, कॅमेरूनच्या दुआला बंदरातून सापेली जातीचे १०० घनमीटर कापीव लाकूड ८०,००० युरो किमतीला जहाजावर चढले. वाहतूक व विमा यांचा खर्च १२,००० युरो धरला, तर अँटवर्पला त्याची नोंद ९२,००० युरो अशी होईल. तेथील व्यापाऱ्याने त्यापैकी ६० घनमीटर लाकूड वाळवून, प्रतवारी करून, आपला नफा धरून नेदरलँड्सला ६९,००० युरोंना विकले. आता नोंदी पाहा. बेल्जियमची कॅमेरूनकडून आयात ९२,००० युरो; नेदरलँड्सची बेल्जियमकडून आयात ६९,००० युरो. दोन्ही देशांच्या आयातीची बेरीज १,६१,००० युरो होते. प्रत्यक्षात युरोपात आलेला माल ९२,००० युरोंचाच आहे. ६० घनमीटर लाकूड दोनदा मोजले गेले.

यावर कोणी म्हणेल की, आयातीतून पुनर्निर्यात वजा केली म्हणजे झाले. तेही तितके सोपे नाही. ९२,००० मधून ६९,००० वजा केले तर बेल्जियमकडे २३,००० युरोंचे लाकूड उरले असे दिसते. परंतु त्याच्याकडे ४० घनमीटर लाकूड शिल्लक आहे आणि आयातीच्या भावाने त्याचे मूल्य ३६,८०० युरो होते. फरक का पडला? पुनर्निर्यातीच्या रकमेत वाळवणी, साठवण आणि नफा मिसळलेला होता. म्हणून देशाचा खरा वापर काढायचा तर वजाबाकी घनमीटरांत करावी, युरोंत करू नये.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. नेदरलँड्सच्या नोंदीत कॅमेरूनचे नाव कोठेच नाही. युरोपीय संघाच्या पद्धतीनुसार, संघाबाहेरून येणाऱ्या मालाला 'मूळ देश' लावला जातो. संघातील देशांतून येणाऱ्या मालाला मात्र तो ज्या सदस्य देशातून पाठवला गेला त्याचेच नाव लागते. अशा प्रकारे बेल्जियममध्ये एकही सापेली वृक्ष उगवत नसताना नेदरलँड्सच्या तक्त्यात बेल्जियम हा उष्ण कटिबंधीय लाकडाचा मोठा पुरवठादार म्हणून झळकतो. अरण्य तक्त्यातून नाहीसे होते. बंदर तेवढे उरते.

मूल्यात काय काय धरले?

दोन देशांच्या रकमा शेजारी ठेवण्यापूर्वी त्या एकाच मापाने मोजल्या आहेत काय, हे पाहणे आवश्यक आहे. निर्यात करणारा देश साधारणतः जहाजावर माल चढेपर्यंतचे मूल्य, म्हणजे एफ. ओ. बी. मूल्य, नोंदवतो. आयात करणारा देश त्यात सागरी वाहतूक व विमा मिळवून सी. आय. एफ. मूल्य नोंदवतो. वरील उदाहरणात कॅमेरूनचे ८०,००० आणि बेल्जियमचे ९२,००० हे दोन्ही आकडे खरेच आहेत; १२,००० युरोंचा फरक ही लबाडी नव्हे, तो समुद्रप्रवासाचा खर्च आहे.

हा खर्च स्थिर नसतो. २०२१ मध्ये जगभर कंटेनरवाहतुकीचे दर भडकले, तेव्हा लाकडाचा एकही घनमीटर न वाढता आयातमूल्य वाढू शकत होते. चलनाचेही तसेच. २३ जून २०१६ च्या सार्वमतानंतर ब्रिटनच्या पौंडाची किंमत घसरली. ब्रिटन हा अमेरिकेच्या ओकचा मोठा ग्राहक. तेव्हा पौंडांत आयात वाढलेली दिसावी आणि युरोंत तीच घटलेली दिसावी, अशी विसंगती संभवते. दीर्घ मुदतीची तुलना करताना युरो हे चलन १९९९ पासूनचे आहे, त्यापूर्वीचे आकडे 'एक्यू' या हिशेबी चलनातील आहेत आणि दोहोंवर महागाईचा थर चढलेला आहे, याचेही भान ठेवावे लागते.

मूल्य, घनफळ आणि वजन

मूल्य एकटे काही सांगत नाही. त्याला परिमाणाची जोड हवी. परंतु परिमाण तरी कोणते घ्यावे? नेदरलँड्स हा पाण्याशी झुंजणारा देश. कालव्यांचे दरवाजे, धक्के, खांब यांसाठी तेथे कॅमेरूनच्या अझोबे लाकडाला मागणी आहे. हे लाकूड पाण्यात बुडते. एका घनमीटरचे वजन एक हजार किलोग्रॅमहून अधिक भरते. फ्रान्स प्लायवूडसाठी गॅबनचे ओकुमे लाकूड वापरत आला. त्याचा घनमीटर त्याच्या निम्म्याहूनही हलका. या दोन देशांची तुलना टनांत केली तर नेदरलँड्सचे पारडे जड होईल. घनमीटरांत केली तर चित्र बदलेल. वृक्ष किती तुटले याचा अंदाज घ्यायचा असेल, तर अर्थातच घनफळ हेच अधिक जवळचे माप आहे.

मूल्याला घनफळाने भागले म्हणजे सरासरी भाव निघतो. हा भाव उपयुक्त, पण फसवाही आहे. इटली वा डेन्मार्कचा फर्निचर कारखानदार निवडक प्रतीचे लाकूड मागतो, तर बंधाऱ्याच्या कामाला वेगळेच लाकूड लागते. एका देशाचा सरासरी भाव अधिक दिसला म्हणून तो देश महाग खरेदी करतो, असे म्हणता येत नाही. त्याच्या खरेदीत जातींची व प्रतींची मिसळ निराळी असते, एवढेच त्यावरून कळते.

ओंडका, फळी आणि प्लायवूड

लाकूड कोणत्या रूपात सीमा ओलांडते, यावर त्याचे मूल्य अवलंबून असते. या दृष्टीने गॅबनचे उदाहरण फार बोलके आहे. ओकुमेचे अखंड ओंडके जहाजात भरून पाठवायचे आणि ते सोलून व्हिनियर व प्लायवूड बनवण्याचे काम युरोपात व्हायचे, हा तेथील जुना क्रम होता. ओंडक्याचे पैसे गॅबनला मिळत. कारखाना, कारागीर आणि त्यांची मजुरी मात्र दुसरीकडे असे. गॅबन सरकारने ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली आणि २०१० मध्ये ती अमलात आली. राजधानी लिब्रव्हिलजवळ न्कोक येथे खास औद्योगिक क्षेत्र उभारून लाकूडप्रक्रियेला तेथे स्थान देण्यात आले.

याचे प्रतिबिंब फ्रान्सच्या आयातीत पडले. ४४०३ या शीर्षाखालील उष्ण कटिबंधीय ओंडक्यांची आयात घसरली आणि ओकुमे हे व्हिनियर होऊन ४४०८ खाली येऊ लागले. ज्याने केवळ ओंडक्यांचा तक्ता पाहिला, त्याला फ्रान्सने उष्ण कटिबंधीय लाकडाकडे पाठ फिरवली असे वाटेल. ज्याने दोन्ही तक्ते पाहिले, त्याला कारखान्याची जागा बदलल्याचे दिसेल. आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी : ओंडका कापताना त्याचा बराचसा भाग भुसा, साल व तुकडे यांत जातो. त्यामुळे एक घनमीटर ओंडका आणि एक घनमीटर फळ्या यांची सरळ बेरीज करणे योग्य नव्हे. प्रथम दोन्हींचे रूपांतर 'समतुल्य ओंडका घनफळा'त करावे लागते. युक्रेननेही २०१५ मध्ये ओंडक्यांच्या निर्यातीवर असेच निर्बंध घातले आणि त्यावरून युरोपीय संघाशी त्याचा वाद लवादापर्यंत गेला.

लाकूड वेश पालटून प्रवास करते, याचा एक जुना दाखला आपल्या मुंबईचा आहे. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत मलबारच्या सागवानाची 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका बांधली गेली. ती आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाहावयास मिळते. भारताचे एवढे सागवान इंग्लंडला गेले, परंतु लाकडाच्या तक्त्यात त्याचा शोध घेणारा रिकाम्या हाताने परतेल. कारण ते गेले नौकेच्या रूपाने. आज दारे, खिडक्या, फर्निचर या रूपांनी जाणाऱ्या लाकडाचेही असेच होते.

आरशातील आकडे

एका देशाची निर्यात ही दुसऱ्याची आयात असते. तेव्हा दोन्ही नोंदी परस्परांशी पडताळून पाहता येतात. तज्ज्ञ यांना 'आरशातील आकडे' म्हणतात. हा आरसा क्वचितच स्वच्छ असतो. सी. आय. एफ. व एफ. ओ. बी. मधील फरक, डिसेंबरात निघून जानेवारीत पोचणारे जहाज, एकाच मालाला दोन देशांनी लावलेले निरनिराळे संकेतांक, मधल्या बंदरावरील पारगमन, ही त्याची निर्दोष कारणे होत. ही सर्व वजा जाता जो फरक उरतो, त्याकडे मात्र संशयाने पाहावे. निर्यातदार देशाच्या कागदावर कमी आणि आयातदाराच्या कागदावर अधिक लाकूड दिसत असेल, तर मधले लाकूड परवान्याविना तुटले असण्याची शक्यता तपासणे भाग आहे. तफावत हा पुरावा नव्हे. चौकशीस प्रारंभ करण्याचे ते कारण आहे.

नोंदीची पद्धत बदलली की मालिका तुटते, हेही येथे सांगितले पाहिजे. १ जानेवारी १९९३ रोजी युरोपच्या एकात्म बाजारपेठेत सदस्य देशांमधील सीमाशुल्क तपासणी संपली. तेव्हापासून संघांतर्गत व्यापाराची माहिती सीमेवरील कागदांऐवजी कंपन्यांच्या 'इंट्रास्टॅट' विवरणपत्रांवरून घेतली जाते आणि ठरावीक मर्यादेखालील लहान व्यापाऱ्यांना त्यातून सूट असते. उलट, ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी संघातून बाहेर पडला आणि त्या वर्षाच्या अखेरीस संक्रमणकाळ संपल्यावर तेथे सीमाशुल्काचे कागद पुन्हा आले. अशा वर्षांच्या अलीकडील व पलीकडील आकड्यांची तुलना सावधपणे करावी.

आकड्यामागील जबाबदारी

हा सारा खटाटोप कशासाठी, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर कायद्यात आहे. बेकायदेशीररीत्या तोडलेले लाकूड बाजारात आणण्यास मनाई करणारा युरोपीय संघाचा नियम ३ मार्च २०१३ पासून लागू झाला. लाकूड कोठून आले, ते कायदेशीर आहे काय, याची दक्षता घेण्याचे बंधन त्याने प्रथम माल बाजारात आणणाऱ्यावर घातले. पुढच्या व्यापाऱ्याने केवळ कोणाकडून घेतले व कोणास विकले याची नोंद ठेवायची. म्हणजेच तपासणीचे सारे ओझे पहिल्या बंदरावर येते. अँटवर्पहून आम्स्टरडॅमला जाणाऱ्या फळीकडे अरण्याबद्दलचा प्रश्न पुन्हा विचारला जात नाही.

म्यानमारच्या सागवानाने या व्यवस्थेची कसोटी पाहिली. श्रीमंतांच्या विहारनौकांच्या डेकसाठी या सागवानाला युरोपात मोठी मागणी. २०१६ मध्ये स्वीडनमधील न्यायालयाने असा निर्णय दिला की, आयातदाराने सादर केलेल्या कागदांवरून लाकूड कोठे व कोणी तोडले हे पुरेसे स्पष्ट होत नाही. जून २०२१ मध्ये संघाने म्यानमारच्या सरकारी लाकूड महामंडळावरच निर्बंध घातले. तरीही काही माल युरोपात, विशेषतः इटलीमार्गे, पोचत राहिल्याचे व्यापाराच्या आकडेवारीतूनच उघड झाले. एका देशाने दार लावले आणि शेजाऱ्याचे उघडे राहिले, तर सागवान वळसा घेऊन येते. प्रत्येक देशाचा आकडा सुटा पाहणाऱ्यास हा वळसा दिसत नाही. शेजारी देशांचे आकडे एकत्र मांडणाऱ्यास तो दिसतो.

२०२३ मध्ये संघाने आणखी कडक नियम संमत केला. ज्या भूखंडावर वृक्ष तुटला त्याचे भौगोलिक स्थान कळवण्याची अट त्यात आहे. त्याच्या अंमलबजावणीची तारीख एकाहून अधिक वेळा पुढे ढकलली गेली. परंतु दिशा स्पष्ट आहे. बंदराच्या मागे लपलेले अरण्य कागदावर पुन्हा आणण्याचा हा प्रयत्न होय.

अभ्यासकांसाठी क्रम

विद्यार्थ्यांनी वा व्यापाऱ्यांनी अशी तुलना करताना पुढील क्रम ठेवल्यास चुका टळतील.

१. संकेतांक निश्चित करा. ओंडके, कापीव लाकूड, व्हिनियर व प्लायवूड प्रथम वेगवेगळे मांडा.

२. भागीदार देश हा मूळ देश आहे की केवळ पाठवणारा देश, हे पाहा. संघाबाहेरील आयात आणि संघांतर्गत आयात यांची सरसकट बेरीज करू नका.

३. मूल्याबरोबर घनमीटर लिहा आणि पुनर्निर्यात घनमीटरांतच वजा करा.

४. सी. आय. एफ. की एफ. ओ. बी., कोणते चलन, कोणते वर्ष, हे तक्त्याच्या माथ्यावर नोंदवा.

५. एका वर्षावरून निष्कर्ष काढू नका; निर्यातबंदी, वाहतूकदर वा नोंदपद्धतीतील बदल यांची वर्षे शेजारी लिहून ठेवा.

६. शेवटी आरशातील आकडे पाहा आणि उरलेल्या तफावतीचे कारण शोधा.

हे प्रश्न युरोपापुरते नाहीत. चंद्रपूर-गडचिरोलीचे सागवान बल्लारशाह व आलापल्ली येथील आगारांत लिलावाने विकले जाते, आणि आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील लागवडीचे सागवानही आपल्या बाजारात येते. पुण्यातील एखाद्या घराच्या दारासाठी मोजलेल्या किमतीतील किती हिस्सा वनाचा, किती आगाराचा, किती वाहतुकीचा आणि किती सुताराच्या हातांचा, हा प्रश्न अँटवर्पच्या फळीला विचारलेल्या प्रश्नाहून वेगळा नाही. आयातीचा आकडा हा एका दीर्घ प्रवासातील एका नाक्यावरची नोंद असते. त्या नाक्याच्या मागे वन आहे आणि पुढे घर आहे, हे लक्षात ठेवून तो वाचला, तरच तो उपयोगी पडतो.